शार्कच्या पानावर आमची कवळी

सोमवार, ४ मार्च

नाही, मला कुणी शिकवलं नाही. आणि त्यात शिकवण्यासारखं आहे तरी काय? पानाच्या डोक्यावर ढळढळीत लिहिलंय, ‘संपादन करा’. करा म्हणतात तर केलं. ‘करू नका’ लिहिलं असतं तर मी हात लावला नसता. शाळा सातवीत सुटली माझी, पण करा आणि करू नका यातला फरक त्याच्या आधीच शिकवतात.

आमचं कवळ्यांचं दुकान. घड्याळाच्या चौकात, चपलांच्या दुकानाच्या वर. आमचे हे जन्मभर लोकांचे दात करत आले, परवाना भिंतीवर टांगलाय. पण पुलापलीकडे मोठा दवाखाना निघाला. तिथे म्हणे मशीन दुपारभरात कवळी काढून देतं, आणि वर लिफ्ट. तेव्हापासून आमच्या जिन्यावर पाय वाजलेला नाही. हे रोज सकाळी जातात, दुकान उघडतात, संध्याकाळी येतात. काय केलं विचारलं तर म्हणतात, “खुर्ची पुसली.” दाढी एक दिवसाआड झालीय. मी काही बोलत नाही. बोलून कुणाची दाढी होत नाही.

काल लेक आली. चपला काढायच्या आधीच सुरू. “आई, बाबा दुकान चालवत नाहीत, नुसते वाट बघत बसतात. माझ्याकडे खोली रंगवून ठेवलीय. या आता दोघंही.”

“कुठला रंग दिलास?”

“पिस्ता.”

“मग नको.”

बरीच खडाजंगी झाली आणि शेवटी तोडगा निघाला. एप्रिल संपायच्या आत एक नवं गिऱ्हाईक. एकच. ओळखीतलं नको, शेजारचं नको, मी ओढून आणलेलं तर अजिबात नको. आपल्या पायांनी जिना चढलेलं आणि आमची कवळी तोंडात घालून उतरलेलं. आलं तर दुकान राहील. नाही आलं तर कुलूप, आणि आम्ही पिस्ता खोलीत. यांना विचारलं तर म्हणाले, “बरं.” लग्नाच्या वेळी विचारलं होतं तेव्हाही हेच म्हणाले होते.

आज खालचा चपलावाला म्हणाला, शार्कला दातांच्या रांगाच्या रांगा असतात, पडले की मागून दुसरे येतात. हे म्हणाले, शक्य नाही. मी लेकीने दिलेला टॅब काढला आणि त्या खुल्या ज्ञानकोशात शार्कचं पान उघडलं. चपलावाल्याचं खरं निघालं. पण त्याच पानावर ते ‘संपादन करा’. दाबलं तर पान उघडंच. आत कुणीही लिहावं. मी लिहिलं:

“माणसाचे मात्र परत येत नाहीत. तरी घाबरू नये. घड्याळाच्या चौकात, चपलांच्या दुकानाच्या वर कवळी उत्तम करून मिळते. जिना आहे, पण कठडा मजबूत आहे.”

लगेच दिसायला लागलं. फुकट! आणि जगात जिथे जिथे शार्क बघतात तिथे तिथे. भिंतीवर बोर्ड रंगवायला हे लोक किती घेतात.

मंगळवार, ५ मार्च

ओळ गेली. परत लिहिली. चहा उकळायच्या आत परत गेली. आणि वर निरोप:

“माननीय सदस्य, आपण केलेला बदल उलटवण्यात आला आहे. ज्ञानकोश हे जाहिरातीचे माध्यम नाही. सराव करावयाचा असल्यास कृपया धूळपाटी वापरावी. – शांत कासव.”

धूळपाटी वापरा म्हणे मला. नाव शांत कासव आणि वेग बघा.

शुक्रवार, ८ मार्च

एका जागी डाळ शिजत नसेल तर माणसाने दुसरी चूल बघावी. शार्क सोडला. मगर, हत्ती, कंगवा, करवत, दातेरी चाक. जिथे दात तिथे मी. करवतीच्या पानावर लिहिलं, “करवतीचे दात बोथट झाल्यास कानस मारता येते, माणसाच्या दातांना ती सोय नाही.” आणि पुढे पत्ता. यात खोटं काय आहे? सगळी काढली. निरोपांची रांग लागलीय. “यात विश्वकोशीय मूल्य आढळत नाही.”

मी खाली लिहिलं, “मूल्य विचारू नका, आधी माप द्यायला या, मग सांगू.”

त्यावर, “संदर्भ द्यावा.”

“कसला संदर्भ?”

“सदर कवळी ‘उत्तम’ असते, यास विश्वासार्ह संदर्भ हवा.”

“माझा नवरा करतो. मी बघते.”

“हा संदर्भ ग्राह्य धरता येत नाही. लेखिका व संदर्भ एकाच घरातील आहेत.”

मला तो डोळ्यासमोर दिसतो. पंचवीस-तिशीतला, गळ्यात टाय, तोंडात बत्तीसच्या बत्तीस, कुठल्यातरी गार खोलीत फिरत्या खुर्चीवर बसून लोकांच्या ओळी खोडतोय. पोटाला कधी चिमटा बसला नसेल मेल्याला.

यांना काही सांगितलं नाही. यांनी आज खुर्चीच्या चाकांना तेल घातलं म्हणे.

बुधवार, १३ मार्च

काल सुचलं ते चांगलं होतं. वर्णमालेच्या पानावर लिहिलं, “त, थ, द, ध, न ही अक्षरं दातांशिवाय नीट येत नाहीत. दात गेलेल्या माणसाला स्वतःच्या दादाला हाक मारता येत नाही, मग तो हळूहळू बोलणंच सोडतो. त्याने घड्याळाच्या चौकात यावं.” ही ओळ तासभर टिकली! मला वाटलं जिंकले. मग ती गेलीच. पण या खेपेला खाली निरोप नव्हता.

आज सकाळी मला बंदी. घरच्या टॅबवरून काही लिहिता येत नाही. “वारंवार सूचना देऊनही.” फक्त माझं म्हणून जे चर्चेचं पान आहे तेवढं उघडं ठेवलंय, म्हणजे भांडायला परवानगी, लिहायला नाही.

ठीक आहे. वाचनालयात कॉम्प्युटर आहे. जाऊन सुसरीपासून सुरुवात केली.

शनिवार, १६ मार्च

वाचनालयालाच बंदी.

मी बसले होते त्या कॉम्प्युटरला नाही, अख्ख्या वाचनालयाला. ग्रंथपाल बाई तडक दुकानात आल्या. दुकानाच्या जिन्यावर पाय वाजले म्हणून हे उठून उभे राहिले, ॲप्रन घातला, आणि दारात बघतात तर बाईंचे सगळे दात शाबूत.

“काकू, काय केलंत हे? तुमच्या कवळीपायी वाचनालय तडीपार झालं! आता तिथून कुणालाच त्या ज्ञानकोशात काही लिहिता येत नाही.”

“एरवी कोण लिहीत होतं तिथून?” मी विचारलं.

तेवढ्यात त्यांच्या मागून निवृत्त हेडमास्तर, घामाघूम. जिना चढून दम लागला होता तरी थांबेनात. “मी लिहीत होतो! रोज! माझं पान आहे तिथे!”

“तुमचं पान? कुणी लिहिलं?”

हेडमास्तर जरा घुटमळले. “ते… लोकांनी.”

ग्रंथपाल बाई छताकडे बघायला लागल्या.

निघालं असं की गेली चार वर्षं हा माणूस रोज दुपारी वाचनालयात बसून स्वतःचं पान वाढवत होता. ‘थोर शिक्षणतज्ज्ञ’, ‘विद्यार्थ्यांचे दैवत’, ‘बालपणीच तेजाची चुणूक’. आता माझ्या भानगडीत त्या कासवाची नजर वाचनालयाकडून आलेल्या सगळ्याच लिखाणावर गेली. त्याने हेडमास्तरांचं पान कापत कापत एका ओळीवर आणलं. “हे एक शिक्षक होते.”

“होते!” हेडमास्तर ओरडले. “होते म्हणतो तो! मी इथे उभा आहे!”

“मग कासवाला तसं कळवा.”

“कळवलं. तो म्हणतो, संदर्भ द्या!”

हे पुढे झाले, हेडमास्तरांचा जबडा दोन बोटांत धरला, जरा उजेडाकडे वळवला. “वरचे दोन हलतायत,” म्हणाले. हेडमास्तर जिना उतरले ते कठडाही न धरता.

ओळखीतले असल्यामुळे ते तसेही चालले नसते.

रविवार, १७ मार्च

लेकीचा फोन. पडदे कुठल्या रंगाचे घेऊ विचारत होती. मी फोन यांच्याकडे दिला. हे म्हणाले, “बरं.”

बुधवार, २० मार्च

कासवाशी आता चर्चेच्या पानावरच गाठ. मी सकाळी लिहिते, तो दुपारी उत्तर देतो. वेळ छान पाळतो, तेवढं मान्य आहे.

आज लिहिलं, “अहो कासव, तुम्हाला आईबाप आहेत की नाही? माझ्या माणसाला एक गिऱ्हाईक हवंय. एक. तुमचा ज्ञानकोश केवढा मोठा, त्यात माझी एक ओळ राहिली तर बुडणार आहे का?”

“ताई, आपली अडचण समजते. परंतु एकाची ओळ ठेवल्यास उद्या हजारांच्या ठेवाव्या लागतील. शार्क वाचावयास आलेल्यास शार्कच मिळावा.”

पहिल्यांदा ताई म्हणाला. माननीय सदस्य नाही. मला क्षणभर बरं वाटलं, म्हणून जास्तच राग आला. विचारलं, “तुम्हाला स्वतःला दात आहेत का हो? बत्तीस असतील. भरल्या तोंडाने बोलणं सोपं असतं.”

उत्तर आलं नाही.

शनिवार, २३ मार्च

आज आलं. “सदर प्रश्न विषयाशी संबंधित नाही.”

मग थोड्या वेळाने दुसरं. “विषय सोडून एक विचारतो. माप घेताना दुखते काय?”

मी लिहिलं, “दुखत नाही. दोन मिनिटं तोंडात लगदा धरायचा. मळमळलं तर नाकाने श्वास घ्यायचा. का, तुमच्या आईला हवीय?”

“केवळ माहितीसाठी. ज्ञानकोशाच्या दृष्टीने.”

“मग टाका ना ज्ञानकोशात.”

“संदर्भ नाही.”

भिंतीवर डोकं आपटायचं राहिलं. असल्या माणसाच्या हाताखाली जगाचं ज्ञान आहे.

गुरुवार, २८ मार्च

काही नाही. यांनी कपाटातले जुने साचे काढले आणि पुसून परत ठेवले. कुणाकुणाचे जबडे ते. अर्धे लोक वारलेत. हे एकेक हातात घेऊन म्हणत होते, हा फार हसायचा, ही हसताना डावीकडे झुकायची. मी म्हटलं, धूळ झटका आणि घरी चला. आज दाढी नव्हती. कालही नव्हती.

मंगळवार, २ एप्रिल

आला!

मी दुकानात डबा द्यायला गेले होते. जिन्यावर पाय वाजले, थांबले, परत वाजले. दारात एक म्हातारा. सत्तरीचा असेल, इस्त्रीचा शर्ट, आणि एवढ्या उन्हात नाकापर्यंत मफलर. दोन गाड्या बदलून आला म्हणे. म्हणे कसला, काय बोलला ते आम्हाला कळलंच नाही. दोनदा बोलला, दोनदा कळलं नाही. मग त्याने खिशातून कागद काढून लिहून दिलं:

“मला संपूर्ण कवळी अपेक्षित आहे. वर व खाली. कठडा खरोखरच मजबूत आहे.”

अक्षर मोत्यासारखं. भाषा जरा सरकारी. कचेरीत जन्म गेला असेल.

मफलर सोडला तर तोंड पार रिकामं. हे दोन पावलं मागे सरले, चष्मा पुसला, परत पुढे आले. “कधीपासून?” म्हणाले.

त्याने लिहिलं, “नऊ वर्षे.”

“आणि बोलता कुणाशी?”

त्याने जरा विचार केला आणि लिहिलं, “लिहितो.”

यांनी मला सांगितलं, “अगं, घरी जाताना ब्लेडचं पाकीट घेऊन ये.”

लेकीला फोन केला. तिचा आवाज बदलला. “खरंच अनोळखी आहे? आई, तू कुणाला भाड्याने तर नाही आणलंस?”

मी फोन ठेवला.

शुक्रवार, ५ एप्रिल

आज माप. मफलरवाले वेळेवर हजर. नाव लिहून दिलं होतं त्यांनी, पण मला मफलरवालेच तोंडात बसलंय.

यांनी लगदा कालवला, तोंडात भरला आणि म्हणाले, “आता हलायचं नाही, बोलायचं नाही.” माझं काम अशा वेळी गिऱ्हाइकाचं लक्ष दुसरीकडे गुंतवणं. पहिल्यापासून तेच काम माझं. नाहीतर लोकांना ओकारी येते. विषय काय काढायचा? मनात जो होता तो काढला.

“तुम्हाला सांगते, त्या ज्ञानकोशात एक कासव आहे. शांत कासव म्हणवतो. इतका आगाऊ माणूस मी जन्मात पाहिला नाही.”

मफलरवाल्यांनी डोळे मोठे केले.

“हो ना! मी शार्कवर दोन ओळी लिहिल्या तर याच्या पोटात दुखलं. मगरीवर लिहिल्या, काढल्या. कंगव्यावर लिहिल्या, काढल्या. आता कंगव्याला काय त्रास होता? पण नाही. संदर्भ हवा! याच्या आईने याला जेवायला वाढलं तरी म्हणत असेल, संदर्भ हवा!”

“अंऽऽ,” मफलरवाले म्हणाले.

“हलू नका,” हे म्हणाले.

“याच्या बायकोने याला कसं सोसलं देव जाणे. सोसलं नसणारच. असल्या माणसाशी बोलणार कोण? कुणी बोलत नाही म्हणून दिवसभर दुसऱ्याचं खोडत बसतो. माणूस नाही तो, खोडरबर आहे!”

“अंऽऽ! अंऽ!”

“डोळ्यांत पाणी आलंय,” हे म्हणाले. “नाकाने श्वास घ्या.”

पाणी खरंच आलं होतं. इतकं माझं दुःख कुणी मनावर घेतलेलं नाही. पोटच्या पोरीने नाही. मी त्यांच्या हातावर थोपटलं. भला माणूस आहे.

दोन मापं फसली, तिसरं बसलं. दुपार गेली. आणि बंदी संपली होती म्हणून सकाळी मगरीच्या पानावर मी परत ओळ टाकली होती, ती दुपारभर टिकून होती! कासव पेंगला असणार. संध्याकाळी बघितलं तर गेली.

शनिवार, ६ एप्रिल

कासवाचा निरोप: “काल मगर या पानावरील आपली ओळ दुपारी काही तास राहून गेली. पहारेकरी जागेवर नव्हता. दिलगीर आहे.”

दिलगीर आहे म्हणे. ओळ काढली याबद्दल नाही, राहिली याबद्दल! त्याच्या खाली आणखी एक वाक्य होतं: “बायकोने सोसले होते. ती आता नाही.”

कुणी विचारलं होतं याला? शेवटी लिहिलं, “वाईट वाटलं.” मग वाटलं फार नरमाई झाली, म्हणून पुढे लिहिलं, “तरी मगर सोडणार नाही.”

सोमवार, १५ एप्रिल

कवळी तयार. यांनी इतकं मन लावून काम केल्याला किती वर्षं झाली कुणास ठाऊक. रोज दाढी. काल शीळ घालत होते, मला वाटलं कुकर.

पण आता नवीनच घोळ. यांची एक रीत आहे. कवळी घातली आणि गिऱ्हाईक गेलं, असं आमच्याकडे नसतं. गिऱ्हाईक खुर्चीत हसलं पाहिजे. मनापासून. तेव्हाच कळतं पुढचे दात किती दिसतात, कुठे घासायचं, ओठ कुठे अडतो. खोटं हसून चालत नाही, खोट्या हसण्यात ओठ नुसता बाजूला जातो. हसेपर्यंत हे कवळी घरी नेऊ देत नाहीत. मशीनला हसू लागत नाही, यांना लागतं.

आणि मफलरवाले हसत नाहीत.

बोलले मात्र. पहिल्यांदाच. आरशात बघून हळूच म्हणाले, “दादा.” मग, “तांदूळ. नदी. धन्यवाद.” यांनी मान फिरवली आणि हत्यारांच्या ट्रेमध्ये काहीतरी शोधायला लागले. ट्रे रिकामा होता.

“आता हसा,” हे म्हणाले.

त्यांनी ओठ बाजूला नेला.

“हे नाही.”

गुरुवार, १८ एप्रिल

माझे ठेवणीतले सगळे विनोद काढले. ज्या विनोदावर एक बाई खुर्चीतून पडली होती तो सांगितला. मफलरवाले म्हणाले, “हे घडणे शक्य नाही.”

“अहो, विनोद आहे तो!”

“हो. पण बोकड जिना उलटा उतरत नाही.”

चपलावाल्याला वर बोलावलं, तो आवाज काढतो चांगले. त्याने दाराचा आवाज काढला, भांडणाऱ्या मांजरांचा काढला. मी हसले, हे हसले, चपलावाला स्वतःच हसला. मफलरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सभ्यपणे.

यांना म्हटलं, “द्या की आता. दात बसलेत. बोलतोय. गेला पाहिजे घालून, एप्रिल चाललाय.”

“दात बसलेत,” हे म्हणाले. “हसू बसलेलं नाही.”

“लेक कुलूप घेऊन बसलीय!”

“बसू दे. अर्धं काम देऊन दुकान वाचवायचं, तर मग वाचवायचं कशाला?”

एवढं मोठं वाक्य यांनी आमच्या घरात कधी बोललेलं मला आठवत नाही. मी नुसते दातओठ खाल्ले.

मंगळवार, २३ एप्रिल

नाही हसले. दोन गाड्या बदलून येतात बिचारे, खुर्चीत बसतात, नाही हसत, कवळी काढून ठेवतात, मफलर बांधून जातात. आज कवळी काढायच्या आधी मला म्हणाले, “ताई, दोष तुमच्या विनोदांचा नाही. सवय गेली.”

ताई म्हणतात सगळेच हल्ली.

रागारागाने कासवाला लिहिलं, “तुम्हाला हसू येतं का कधी?” उत्तर आलं, “विचाराधीन आहे.”

सोमवार, २९ एप्रिल

सगळं आजचं आजच लिहिते, उद्या लिहिणार नाही.

लेक सुट्टी टाकून आली होती. पर्समध्ये कुलूप. नवं, पितळी. मला दाखवलं नाही, पण पर्स टेबलावर ठेवताना आवाज आला. मफलरवाले खुर्चीत, कवळी तोंडात. हे समोर स्टुलावर, हातात बारीक कानस. मी भिंतीला टेकून. विनोद संपले होते.

लेक सरळ मुद्द्यावर. माझ्यावर गेलीय. “काका, राग मानू नका. पण मला खात्री करायचीय. तुम्हाला आईने आणलं का?”

“नाही,” मफलरवाले म्हणाले. “मी स्वतः आलो.”

“मग या दुकानाचं कळलं कुठून?”

“वाचून.”

“कुठे?”

मफलरवाल्यांनी बोटं मोजली. “शार्क. मगर. हत्ती. कंगवा. करवत. दातेरी चाक. वर्णमाला. सुसर.”

“बघ!” मी म्हटलं. “आणि तू म्हणत होतीस, टॅबचा दुरुपयोग करतेस!”

लेकीने माझ्याकडे बघितलं नाही. ती त्यांच्याकडेच बघत होती. “पण काका, त्या ओळी तर लगेच काढून टाकतात. आईने मला दाखवलंय. चहा उकळायच्या आत जातात. तेवढ्यात तुम्ही वाचलीत?”

“हो.”

“आठही पानांवर?”

“हो.”

“प्रत्येक वेळी? दुसऱ्या कुणीही वाचायच्या आधी?”

मफलरवाल्यांचे कान लाल झाले. “प्रत्येक वेळी,” ते म्हणाले. “माझी वेळ असते ती.”

“चपळ आहेत,” मी म्हटलं. “म्हातारा दिसत असला तरी माणूस चपळ आहे.”

लेकीने तोंडावर हात ठेवला. मग हळूच विचारलं, “आणि काका, आईने तुम्हाला त्या कासवाबद्दल काही सांगितलं का?”

“सविस्तर,” मफलरवाले म्हणाले. “तोंडात लगदा असताना.”

“म्हणजे मध्ये बोलताही आलं नाही तुम्हाला?”

“मी प्रयत्न केला.”

“काय म्हणाली ती?”

“खोडरबर.” ते एवढं म्हणाले आणि त्यांचा एक खांदा हलला. मग दुसरा. “मी त्यांना… मी… संदर्भ मागणार होतो…”

आणि फुटले. असा हसला तो माणूस की खुर्ची आपली आपण फिरली. लेक टेबल धरून हसत होती. मी विचारलं, काय झालं, तर दोघंही माझ्याकडे बघून आणखी हसायला लागले. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात. त्यांचे दिसले, वरचे सगळे, ओळीत, आणि डावा ओठ अडत होता तोसुद्धा दिसला.

“असंच!” हे स्टुलावरून ओरडले. “थांबू नका! असंच राहा! अगं, दिवा धर!”

मी दिवा धरला. यांनी गुडघ्यावर बसून खालून बघितलं, बाजूने बघितलं, कवळी काढून घेतली, पुढचा एक दात दोनदा घासला, परत बसवली. “परत हसा.” त्यांना परत सांगावं लागलं नाही. यांनी बघितलं, कानस खाली ठेवली आणि मग हेही हसायला लागले. आवाज न करता, पोट धरून. जबडे पुसत बसणारा माणूस.

“नियमात बसतं,” लेक डोळे पुसत म्हणाली. “बाबा, अगदी बसतं. यांना आईने ओढून आणलं असं तर जगात कुणी म्हणू शकणार नाही.” कुलूप काढून तिने यांच्या हातात दिलं. “रात्री दुकानाला लावा. सकाळी काढा.”

“बरं,” हे म्हणाले.

मफलरवाले कवळी घालून जिना उतरले. मफलर हातात. खाली चपलावाल्याला थांबून काहीतरी सांगितलं, तेही नीट कळलं असावं, कारण चपलावाला वर बघून दात काढत होता.

मी घरी येऊन शार्कच्या पानावर ओळ टाकली. अजून गेलेली नाही. दोन गाड्या लागतात, घरी पोचायला वेळ लागतो.

ते कशाला हसले ते मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. आणि मला कळलं की नाही, कधी कळलं, ते मी लेकीला सांगितलेलं नाही, यांना सांगितलेलं नाही, इथेही लिहिणार नाही. बास.